मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची नवी उपकरणे पारखण्याची रीत: खानदेशातील नेत्र रुग्णालयांसाठी

नव्या उपकरणांची पेटी रुग्णालयात आली की ती उघडून दुसऱ्याच दिवशीच्या यादीत लावण्याचा मोह होतो. विशेषतः हिवाळ्यात, शेतीची कामे उरकून रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागतात आणि ओटीला (शस्त्रक्रियागृहाला) उसंत नसते, तेव्हा हा मोह अधिक असतो. तो आवरावा. उत्पादकाचे प्रमाणपत्र खरे असले तरी ते त्याच्या कारखान्यातील परिस्थितीपुरते असते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या रुग्णालयात तेच उपकरण आपल्या बोअरच्या जड पाण्याच्या सान्निध्यात धुतले जाणार, वीज ये-जा करणाऱ्या आपल्या ऑटोक्लेव्हमध्ये तापणार आणि उशिरा आलेल्या रुग्णाच्या कडक, तपकिरी न्यूक्लिअसवर, म्हणजे लेन्सच्या गाभ्यावर, चालणार असते. त्यामुळे प्रत्येक नवे उपकरण आपल्याच पाण्यात, आपल्याच यंत्रात आणि आपल्याच हातांनी पारखून घ्यावे लागते, आणि हे काम रुग्णाच्या डोळ्यात उपकरण जाण्यापूर्वी बहुतांशी पूर्ण झालेले असावे लागते.

ही काळजी कशासाठी, हे डोळ्याच्या मोजमापांवरून कळते. मागची कॅप्सूल, म्हणजे लेन्सच्या पिशवीचा मागचा पापुद्रा, जिच्या आधाराने नवी लेन्स बसते, मध्यभागी सुमारे ४ मायक्रॉन जाडीची असते. बुबुळाच्या (कॉर्नियाच्या) आतल्या बाजूचा एंडोथेलियम हा पेशींचा एकच थर असून प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २,५०० पेशी असतात, आणि गेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. एंडोथेलियम आणि लेन्स यांच्या मध्ये उपकरण फिरवायला जेमतेम ३ मिलिमीटरची खोली मिळते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी धातूची कुसळही अशा जागेत कॅप्सूल फाडायला पुरेशी असते.

आधी कागद

पेटीसोबतचे कागद प्रथम वाचावेत. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले, आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे लेबलवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, परवाना वा नोंदणी क्रमांक आणि लॉट क्रमांक असला पाहिजे. निर्जंतुक करून आलेली वस्तू असेल तर निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि मुदतही लिहिलेली असावी. यांपैकी काही नसेल, तर पुरवठादार कितीही ओळखीचा असला तरी पेटी परत पाठवावी.

दुसरा कागद धुण्याच्या आणि निर्जंतुकीकरणाच्या सूचनांचा. कोणते डिटर्जंट चालते, किती अंशांपर्यंत तापवता येते, अल्ट्रासॉनिक टाकीत घालता येते की नाही, हे त्यात असते. एकदाच वापरायचे म्हणून विकलेले ब्लेड पुन्हा वापरता येईल का, याची चाचणी करण्याच्या भरीस पडू नये. ते एकदाच वापरण्यासाठी तयार केलेले असते.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. या लेखातील रीत परवानाप्राप्त, परंतु आपल्या रुग्णालयाला नव्या असलेल्या उपकरणांसाठी आहे. एखाद्या सर्जनने स्वतः आखलेला नवा चॉपर (न्यूक्लिअस फोडण्याचे उपकरण) स्थानिक कारागिराकडून घडवून घेतला असेल, किंवा परवाना न मिळालेले नमुने कंपनीने वापरून पाहण्यासाठी दिले असतील, तर तो वैद्यकीय अन्वेषणाचा विषय होतो. त्यासाठी नियामकाची आवश्यक परवानगी, नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. ‘थोडासा बदल तर आहे’ असे म्हणून ही पायरी ओलांडता येत नाही.

मायक्रोस्कोपखालची तपासणी

पहिली खरी परीक्षा टेबलावर होते. ओटीचाच मायक्रोस्कोप यादी संपल्यावर सर्वाधिक मोठेपणावर लावावा, खाली गडद रंगाचे, धागे न सुटणारे कापड अंथरावे आणि प्रत्येक नग स्वतंत्रपणे पाहावा. दहा नगांतला एक पाहून बाकीचे गृहीत धरण्याची सवय येथे घातक ठरते, कारण ही उपकरणे बऱ्याच अंशी हाताने घासून पुरी केलेली असतात आणि एकाच लॉटमधील दोन चिमट्यांची टोके सारखी नसतात.

कीरॅटोम, क्रेसेंट आणि साइड पोर्टचे ब्लेड या छेद घेण्याच्या पात्यांची धार प्रकाशात तिरपी धरून पाहावी. खरी धार प्रकाश परत फेकत नाही, ती काळी रेघ दिसते. जिथे ठिपक्यासारखी चमक दिसते तिथे धार मुडपलेली किंवा बोथट असते. टोकाकडचा पहिला अर्धा मिलिमीटर सर्वांत महत्त्वाचा, कारण बुबुळात शिरताना तोच काम करतो. २.८ मिलिमीटर लिहिलेल्या कीरॅटोमची रुंदीही मोजून घ्यावी. छेद ठरल्यापेक्षा मोठा झाला तर फेकोच्या (अल्ट्रासाउंडने न्यूक्लिअस फोडून ओढून घेण्याच्या) वेळी पाणी बाजूने गळत राहते आणि बुबुळामागची खोली उथळ होते. लहान झाला तर फेकोच्या टिपभोवतीची सिलिकॉनची स्लीव्ह दाबली जाते, थंड पाण्याचा प्रवाह अडतो आणि छेदाच्या कडा भाजू शकतात.

रेक्सिसचा (पुढची कॅप्सूल गोलाकार फाडण्याचा) फोर्सेप आणि लेन्स धरण्याचा चिमटा हलक्या हाताने मिटवावा आणि टोके प्रथम एकमेकांना टेकतात का, ते पाहावे. मागचा भाग आधी टेकून टोकांत फट राहत असेल, तर कॅप्सूलचा पापुद्रा निसटणार. थोडा अधिक दाब दिल्यावर टोके एकमेकांवरून सरकून कात्रीसारखी फुली होत असेल, तर तो नगही नको. टाके बांधण्याच्या चिमट्यासाठी टेन-झिरो नायलॉनचा धागा हीच कसोटी आहे. त्याची जाडी २० ते २९ मायक्रॉन असते; चिमट्याने तो घट्ट धरला पाहिजे, ओढल्यावर सुटता कामा नये आणि तुटताही कामा नये. त्याच धाग्याची सुई चिमट्याला आपोआप चिकटत असेल तर पोलादात चुंबकत्व आले आहे असे समजावे. कठीण केलेल्या पोलादाच्या उपकरणांत हे आढळते, आणि टाका घालताना सुई भलत्या दिशेने वळू लागली की त्याचा त्रास कळतो.

व्हॅनास कात्रीसाठी अतिशय पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून धरावी आणि फक्त टोकाच्या भागाने कापून पाहावे. कात अगदी शेवटपर्यंत स्वच्छ गेली पाहिजे. शेवटी फिल्म पात्यांमध्ये दुमडली तर डोळ्यात कॅप्सूल किंवा आयरिस अशीच दुमडली जाईल.

चॉपर, सिन्स्की हुक, लेन्स डायलर आणि व्हेक्टिस (न्यूक्लिअस बाहेर काढण्याची कडी) यांना धार नसते, म्हणून त्यांची तपासणी घाईत उरकली जाते. प्रत्यक्षात मागच्या कॅप्सूलच्या सर्वांत जवळ हीच उपकरणे जातात. यांच्यासाठी आपल्या भागात मुबलक असलेली वस्तू उत्तम कामास येते. कापसाचा मऊ पेळू घ्यावा आणि त्यावरून उपकरणाचे टोक सर्व बाजूंनी हळूच ओढावे. गुळगुळीत टोक कापसातून अलगद सुटते. कुसळ असेल तर एखादा तंतू अडकतो आणि मायक्रोस्कोपखाली तो लोंबताना स्पष्ट दिसतो. ही चाचणी ओटीच्या बाहेर आणि पहिल्या धुण्याच्या आधीच करावी, म्हणजे एकही तंतू पुढे जाणार नाही.

कॅन्युलांना, म्हणजे डोळ्यात पाणी सोडण्याच्या बारीक नळ्यांना, सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे. सिमको कॅन्युलात दोन नळ्या असतात, एकीतून पाणी आत जाते आणि दुसरीच्या सुमारे ०.३ मिलिमीटरच्या छिद्रातून कॉर्टेक्स (लेन्सचा उरलेला मऊ भाग) ओढला जातो. या छिद्राची कड खरखरीत असेल तर ओढलेली कॅप्सूल सोडून देतानाही फाटते. छिद्राच्या कडेवर प्रकाश फिरवून पाहावा, नंतर दोन्ही नळ्यांतून स्वच्छ डिस्टिल्ड पाणी सोडून धार सरळ येते की फाटते, ते पाहावे. छिद्र बोटाने झाकून सिरिंजचा दट्ट्या मागे ओढावा; सिरिंजमध्ये बुडबुडे आले तर सांध्यातून किंवा सिलिकॉनच्या नळीच्या जोडातून हवा शिरत आहे.

हायड्रोडिसेक्शनची (पाण्याच्या धारेने लेन्स कॅप्सूलपासून सुटी करण्याची) कॅन्युला सिरिंजवर पक्की बसते का, ही परीक्षा कधीही टाळू नये. दाब वाढल्यावर कॅन्युला सिरिंजवरून सुटून बाणासारखी डोळ्यात घुसल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांत कॅप्सूलपासून रेटिनापर्यंत इजा झालेली आहे. आपल्याकडे प्रत्यक्ष वापरात असलेल्या कंपनीचीच २ मिलिलिटरची सिरिंज घ्यावी, पाणी भरावे, कॅन्युला पिळून बसवावी, टोक रबरी बुचावर टेकवून प्रवाह अडवावा आणि अंगठ्याने पूर्ण जोर द्यावा. समोर कोणी उभे राहू नये. कॅन्युला तसूभरही हलली तर तो संच नापास करावा. फक्त दाबून बसणाऱ्या सिरिंजऐवजी आटे असलेली लॉकची सिरिंजच या कामासाठी ठेवावी, आणि सिरिंजची कंपनी बदलली की चाचणी पुन्हा घ्यावी.

फेकोच्या टिपची तपासणी तुलनेने थोडक्यात होते. आटे स्वच्छ आहेत का, टिप हँडपीसवर पूर्ण बसते का, स्लीव्ह त्या टिपसाठीचीच आहे का, आणि टेस्ट चेंबर बसवून यंत्र पहिल्याच प्रयत्नात ट्यून होते का, एवढे पाहावे. टिप, स्लीव्ह आणि हँडपीस वेगवेगळ्या कंपन्यांचे जुळवून वापरायचे असतील तर यंत्राच्या उत्पादकाकडून लेखी होकार घ्यावा.

पाणी, धुणे आणि ऑटोक्लेव्ह

नवे उपकरण स्वच्छ दिसते, पण त्यावर पॉलिशची पूड आणि तेलाचा पातळ थर असू शकतो. न धुता ऑटोक्लेव्हमध्ये टाकले तर तो थर भाजून पक्का होतो. म्हणून पहिले धुणे सूचनेतल्या डिटर्जंटने, मऊ ब्रशने, सांधा उघडून करावे आणि शेवटचे खंगाळणे नेहमी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाण्याने करावे. ज्या पाण्याने आपल्या घरच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, त्याच पाण्याने कॅन्युलाचे ०.३ मिलिमीटरचे छिद्र अरुंद होते. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे, हेही कर्मचाऱ्यांना एकदा नीट समजावून द्यावे.

त्यानंतर गंजाची परीक्षा. उपकरण अर्धा तास उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवावे, त्याच पाण्यात तासभर निवू द्यावे, बाहेर काढून दोन तास हवेत उघडे ठेवावे आणि मग सांध्याजवळ, दातांच्या खाचांत आणि जोडलेल्या जागी डाग पडले आहेत का, ते पाहावे. डाग दिसला तर पेन्सिलचे साधे खोडरबर घासून पाहावे. डाग निघाला आणि खालचा धातू गुळगुळीत असेल तर तो पाण्याचा किंवा रसायनाचा डाग आहे, दोष आपल्या धुण्यात शोधावा. खाली बारीक खड्डा दिसला तर तो गंज आहे आणि उपकरण परत जाण्याच्या योग्यतेचे आहे. मात्र परत पाठवण्याआधी आपल्या ओटीत उपकरणे सलाइनमध्ये बुडवून ठेवण्याची सवय नाही ना, याची खात्री करावी. क्लोराइडमुळे उत्तम पोलादालाही खड्डे पडतात आणि त्याचा दोष उत्पादकावर लावणे न्याय्य नाही.

नंतर रोजच्या पद्धतीने धुणे, गुंडाळणे आणि ऑटोक्लेव्ह करणे हे चक्र किमान दहा वेळा, जमल्यास वीस वेळा करावे. १२१ अंश सेल्सिअसला गुंडाळलेल्या संचासाठी सर्वसाधारणपणे ३० मिनिटे आणि हवा आधी ओढून घेणाऱ्या यंत्रात १३४ अंशांना साधारण ४ मिनिटे लागतात. आपल्या यंत्राची आणि उपकरणाची सूचना वेगळी असेल तर ती पाळावी. पोकळ उपकरणांसाठी हवा ओढून घेणारे यंत्रच योग्य, कारण नळीत हवा अडकली तर वाफ आत पोहोचत नाही. दर पाच चक्रांनंतर मायक्रोस्कोपखालची तपासणी पुन्हा करावी. पहिल्या दिवशी निर्दोष दिसलेल्या चिमट्याची टोके दहाव्या चक्रानंतर फाकलेली आढळतात, आणि सिलिकॉनची स्लीव्ह सैल पडलेली दिसते. हे सगळे रुग्णाविना कळले, हाच या परिश्रमाचा लाभ.

उन्हाळ्यात खानदेशात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि वीज अवेळी जाते. चक्राच्या मध्येच वीज गेली तर जनरेटर लागल्यावर उरलेली मिनिटे मोजून संच बाहेर काढणे चालणार नाही. ते चक्र रद्द समजून पहिल्यापासून सुरू करावे. पॅकच्या आतील रासायनिक निर्देशक आणि जैविक निर्देशकाचा निकाल हातात आल्याशिवाय चाचणीच्या नोंदीत ‘निर्जंतुक’ हा शब्द लिहू नये.

पोकळ उपकरणांसाठी आणखी एक साधी परीक्षा आहे. ठरलेल्या पद्धतीने कॅन्युला धुऊन झाल्यावर शेवटच्या खंगाळण्याचा एक थेंब काचेच्या स्वच्छ पट्टीवर घ्यावा आणि झाकून वाळू द्यावा. शेजारी त्याच बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्याचा थेंब वाळवावा. मायक्रोस्कोपखाली कॅन्युलाच्या थेंबाची कडा पांढरट किंवा बुळबुळीत दिसली आणि दुसरा थेंब स्वच्छ असला, तर नळीत व्हिस्को (शस्त्रक्रियेत डोळ्यात भरायचे जेल), डिटर्जंट किंवा धातूची पूड उरली आहे. ही बाब किरकोळ नाही. अशा अवशेषांमुळे टॉक्सिक अँटेरियर सेगमेंट सिंड्रोम, म्हणजेच टास, ही जंतूंविना होणारी तीव्र दाह उद्भवते. ती बहुधा १२ ते ४८ तासांत दिसते. बुबुळ काठापासून काठापर्यंत सुजते, दृष्टी धूसर होते, वेदना मात्र फारशी नसते. एकाच दिवसाच्या यादीतील अनेक रुग्णांना ती एकदम होऊ शकते, आणि एंडोथेलियमचे झालेले नुकसान भरून येत नाही. नव्या कॅन्युलाची रचना सर्जनला कितीही आवडली तरी ती आतून नीट धुता येत नसेल, तर तिला नकार द्यावा.

बोकडाच्या डोळ्यावर

यानंतर उपकरण सर्जनच्या हातात द्यावे, परंतु वेट लॅबमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव करण्याच्या जागी. बोकडाचे डोळे सकाळी खाटकाकडून ताजे मिळतात. ते बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट न टेकवता आणावेत आणि त्याच दिवशी वापरावेत, नाहीतर बुबुळ धुरकट होते आणि आतले काही दिसत नाही. थर्माकोलच्या ठोकळ्यात खोबण करून डोळा पिनांनी बसवावा आणि मागून सिरिंजने थोडे पाणी भरून त्याला ताण आणावा.

येथे दोन मर्यादा ओळखून राहावे. बोकडाच्या लेन्सची पुढची कॅप्सूल माणसाच्या कॅप्सूलपेक्षा जाड आणि चिवट असते, म्हणून रेक्सिस फोर्सेपविषयी अंतिम मत येथे बनवता येत नाही. दुसरे म्हणजे तिचा न्यूक्लिअस मऊ असतो. चॉपर किंवा व्हेक्टिस पारखायचा असेल तर लेन्समध्ये थोडे फॉर्मेलिन टोचून ती कडक करून घ्यावी लागते. धडगाव-अक्कलकुव्याकडून किंवा साक्रीच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या कित्येक रुग्णांचा मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, गडद तपकिरी असतो. मऊ लेन्सवर सहज चाललेला चॉपर तिथे वाकतो किंवा नुसता घसरतो, आणि पातळ तारेचा व्हेक्टिस न्यूक्लिअसच्या भाराने पसरतो.

चाचणी देताना उपकरणाच्या दांड्यावरील कंपनीचे नाव कागदी टेपने झाकावे आणि जुने व नवे उपकरण कोणत्या क्रमाने द्यायचे ते सिस्टरने ठरवावे. महागडे नाव वाचले की हाताला ते आपोआप चांगले वाटू लागते. किमान दोन सर्जननी पाहावे, एकाचा हात मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर उत्तम. हातमोजे ओले असताना दांडा बोटांत फिरतो का, प्रकाशात उपकरण चमकून डोळ्यांना त्रास देते का, ब्लेड शिरताना डोळा मागे ढकलला जातो का, या प्रश्नांची उत्तरे तिथल्या तिथे लिहून घ्यावीत. संध्याकाळी आठवून लिहिलेला अभिप्राय फारसा उपयोगी नसतो.

वेट लॅबमध्ये गेलेला नग ओटीत परत आणू नये. त्यासाठी मागणीतच एक नग जास्त मागवावा आणि त्यावर कायमची वेगळी खूण करावी. उरलेले डोळे जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जावेत.

पहिले रुग्ण कोणते असावेत

येथवर उत्तीर्ण झालेले उपकरण रुग्णाच्या डोळ्यात नेता येते, तेही एका वेळी एकच. नवा कीरॅटोम, नवा चॉपर आणि नवी कॅन्युला एकाच शस्त्रक्रियेत वापरली आणि दुसऱ्या दिवशी बुबुळ सुजले, तर कारण कधीच सापडणार नाही. जुने, ओळखीचे उपकरण निर्जंतुक करून त्याच ट्रेवर ठेवावे, आणि कोणत्या क्षणी नवे खाली ठेवून जुने हातात घ्यायचे हे सर्जन व सिस्टर यांनी सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. सिस्टरला काही खटकले तर तिने थांबवावे आणि सर्जनने थांबावे. यात ज्येष्ठ-कनिष्ठ असा प्रश्न येऊ देऊ नये.

पहिल्या रुग्णांत एकच डोळा शाबूत असलेली व्यक्ती, लहान बाहुली, सैल झोन्यूल्स (लेन्सला धरणारे तंतू), स्यूडोएक्स्फोलिएशन (लेन्सवर कोंड्यासारखा थर साचण्याचा विकार) किंवा काचबिंदूने आधीच कमजोर झालेला डोळा नसावा. मध्यम कडकपणाचा न्यूक्लिअस, शांत पडून राहणारा रुग्ण आणि रुग्णालयातील सर्वांत अनुभवी हात, अशी सुरुवात असावी.

आणि हे मी आग्रहाने लिहितो: पहिले रुग्ण शिबिरातून आणलेले नसावेत. मोलगी किंवा तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यावरून आलेल्या वृद्ध स्त्रीला दुसऱ्या दिवशी पट्टी काढून गाडीने परत पाठवले जाते. टासची लक्षणे दुसऱ्या दिवशी, आणि जंतुसंसर्गाची बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसांत दिसू लागतात. तेव्हा ती घाटापलीकडे असते, मोबाइलला रेंज नसते आणि पुन्हा खाली येण्यासाठी मुलाला मजुरी बुडवावी लागते. ज्यांना तक्रार घेऊन लगेच येता येत नाही, त्यांच्यावर नव्या वस्तूचा पहिला भार टाकणे सर्वथा अनुचित आहे. पहिल्या तुकडीतील रुग्ण शहरातले किंवा जवळच्या तालुक्यातले, पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी नक्की येऊ शकणारे असावेत. दूरचा रुग्ण घ्यायचाच असेल तर त्याच्या आठवडाभराच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय रुग्णालयाने करावी.

उपकरण परवानाप्राप्त असले तरी रुग्णाला सांगावे. ‘तुमच्या शस्त्रक्रियेत एक नवे उपकरण वापरणार आहोत, जुने शेजारी तयार आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही,’ एवढे वाक्य अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत सांगू शकणारी व्यक्ती बहुतेक रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांतच असते. छापील मराठी अर्जावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली, असे मानू नये.

या टप्प्यावर काही अडचण आली नाही, तर पुढची तुकडी कडक आणि पिकलेल्या मोतीबिंदूंची घ्यावी, कारण आपले रोजचे काम तेच आहे. व्हेक्टिस आणि चॉपर यांची खरी पारख येथेच होते.

नोंद आणि तिचा अर्थ

प्रत्येक शस्त्रक्रियेमागे एक ओळ पुरते: उपकरणाचा लॉट आणि खूण, त्याचे कितवे ऑटोक्लेव्ह चक्र, न्यूक्लिअसचा कडकपणा, छेदापासून शेवटपर्यंतचा वेळ, कॅप्सूल फाटली का, जुने उपकरण हातात घ्यावे लागले का, आणि दुसऱ्या दिवशी बुबुळाची सूज, दाहाच्या पेशी व डोळ्याचा दाब. जुन्या उपकरणाने त्याच काळात केलेल्या शस्त्रक्रियांच्या अशाच ओळी शेजारी असाव्यात, नाहीतर तुलना करायला काहीच नसते.

या आकड्यांवरून निष्कर्ष काढताना मात्र संयम हवा. समजा, नव्या चॉपरने ३० शस्त्रक्रिया झाल्या आणि एकदाही कॅप्सूल फाटली नाही. हे ऐकायला समाधानकारक आहे, पण संख्याशास्त्राचा एक सोपा नियम असा की, घटना एकदाही घडली नसेल तर ३ ला एकूण संख्येने भागावे. येणारा आकडा ही धोक्याची संभाव्य वरची मर्यादा असते. ३० शस्त्रक्रियांसाठी ती १० टक्के येते आणि ३०० साठी १ टक्का. अनुभवी हातांत कॅप्सूल फाटण्याचे प्रमाण मुळातच शेकडा एक-दोनच्या आसपास असते. त्यामुळे तीस निर्विघ्न शस्त्रक्रियांनी उपकरण सुरक्षित ठरत नाही. त्या केवळ फार मोठा दोष नसल्याचे दाखवतात. म्हणूनच मायक्रोस्कोप, कापसाचा पेळू आणि रबरी बूच यांवरच्या चाचण्या टाळून ‘वापरून पाहू’ म्हणणे चुकीचे आहे: दुर्मीळ दोष रुग्णांच्या लहान संख्येत दिसत नाही, तो टेबलावरच पकडावा लागतो. संपूर्ण वर्षाची नोंद ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी सर्जन, ओटीची सिस्टर आणि खरेदी पाहणारी व्यक्ती यांनी एकत्र बसून ती वाचावी.

इजा झाली किंवा थोडक्यात टळली, तर उपकरण धुऊन, पिशवीत बंद करून, लॉट क्रमांकासह बाजूला ठेवावे आणि त्याच लॉटचे सर्व नग वापरातून काढावेत. उत्पादकाला लेखी कळवावे, आणि भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत २०१५ पासून चालणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या इजांची नोंद घेण्याच्या) कार्यक्रमाकडेही अहवाल पाठवावा. लहान गावातील रुग्णालयाच्या अहवालाने काय होणार, असा विचार करू नये. त्याच लॉटचे नग दुसऱ्या जिल्ह्यातही गेलेले असतात.

पुढची खेप आली की मायक्रोस्कोपखालची तपासणी, कॅन्युलाची दाब-चाचणी आणि उकळण्याची परीक्षा पुन्हा प्रत्येक नगावर करावी. वेट लॅब आणि रुग्णांची पहिली तुकडी केवळ रचना किंवा उत्पादक बदलला तरच परत घ्यावी. नापास नगांवर लाल टेप लावून ते कुलपात ठेवावेत आणि कारण लिहूनच परत पाठवावेत, म्हणजे गडबडीच्या दिवशी ते चुकून ट्रेवर येणार नाहीत. धार लावून किंवा टोके जुळवून कारागिराकडून परत आलेले जुने उपकरणही या कामापुरते नवेच समजावे. त्याच्या दांड्यावर दुरुस्तीची तारीख कोरावी, मात्र सांध्यापासून दूर, कारण कोरलेल्या रेषेतून गंज धरू शकतो. आणि किमान पाच ऑटोक्लेव्ह चक्रांनंतर त्याची टोके पुन्हा टेन-झिरोच्या धाग्यावर तपासूनच ते संचात घ्यावे.